दोघींचा मार

मला मारणाऱ्या दोन बायका होत्या. घरी आई मारायची आणि मैदानावर बाई मारायच्या. आईच्या माराला वेळकाळ नव्हता. चुलीपुढे बसल्या बसल्या हाताला जे लागेल ते यायचं, फुंकणी, पळी, सुपाची कड. आणि मार संपला की लगेच ताटात गरम भाकरी पडायची. बाई शांतपणे मारायच्या. त्यांच्या गळ्यात पितळी शिट्टी असे. तिची जाड विणलेली दोरी त्या गळ्यातून काढत, दुहेरी करून हाताला गुंडाळत आणि पोटरीवर मारत. मारण्याआधी चूक सांगत. "पाय रोवला नाहीस." सट्. "जिला पास दिलास तिच्याकडे बघितलं नाहीस." सट्. आज मस्कतच्या एका शाळेत मी मुलींना बास्केटबॉल शिकवते. पाय रोवायला सांगताना माझ्या पोटरीची ती जागा अजून हुळहुळते.

आमचं घर रोडपालीत. घरामागे खाडी आणि समोर भातशेतीवर टाकलेला मुरमाचा भराव. त्या भरावावर पुढे इमारती उभ्या राहिल्या, पण माझ्या लहानपणी तिथे नुसती धूळ होती, आणि धुळीपलीकडे कळंबोलीचा लोखंड बाजार. ट्रेलरवरून पत्रे खाली टाकले की आमच्या फळीवरची भांडी थरथरत. बाबा असाच एक ट्रेलर चालवत. ते लांबच्या फेरीवर गेले की घराला सणाची कळा यायची. आई पनवेलच्या बाजारात मासळी विकून परतताना न खपलेला जवळा, कधी चिंबोऱ्या घेऊन यायची. कालवणाचा वास सगळ्या आळीत पसरे, आणि भाकऱ्या थापताना आई बाजारातल्या बायकांच्या नकला करी. मी हसून हसून भिंतीला टेके. मग कधीतरी वळणावर बाबांच्या गाडीचा हॉर्न वाजायचा. आई बोलता बोलता थांबायची, उठायची आणि विळी, कोयता, मासे कापायची सुरी एका फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकायची. अंगाला लागेल असं काही खाली ठेवायचं नाही, हा आमच्या घरातला नियम होता. बाबा पिऊन आईला मारत. हे लिहिताना मला आता काही वाटत नाही. आळीत कोणाला तेव्हाही काही वाटत नव्हतं. बाबा आईला मारत, आई मला मारी. माझ्या हाताखाली कोणी नव्हतं.

मी ताडासारखी वाढले होते. गावात मला 'डोलकाठी' म्हणत. लग्नाचं कसं होणार, हा आत्या-मावश्यांचा आवडता विषय. पनवेलच्या शाळेत गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात प्रार्थनेच्या रांगेत कुणीतरी माझी हनुवटी धरून वर केली. खेळाच्या प्रधानबाई. ठेंगण्या, काटक, पंजाबी ड्रेस, पायात कॅनव्हासचे बूट. "वाकून का उभी राहतेस? हात वर कर. पूर्ण." मी हात वर केला. बाई कितीतरी वेळ माझ्या बोटांच्या टोकांकडे बघत राहिल्या. "नाव काय?" मी म्हटलं, "वंदना म्हात्रे." बाई म्हणाल्या, "आजपासून वाकायचं नाही, वंदना." माझ्या उंचीबद्दल कोणी चांगलं बोलल्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. त्यानंतर त्या बाईने मला विहिरीत उडी मार म्हटलं असतं तरी मी मारली असती.

बास्केटबॉलमध्ये धक्का लावायचा नसतो, असं नियमांच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. पुस्तक लिहिणारा कधी रिंगखाली उभा राहिला नसावा. रिंगखाली दहा मुली एका बॉलसाठी उडतात, तेव्हा कोपरं असतात, नखं असतात, कुणाची तरी वेणी कुणाच्या तरी मुठीत असते. आमचं कोर्ट सिमेंटचं, जागोजाग उखडलेलं. पडलं की गुडघ्याची साल तिथेच राहायची. बाई आम्हाला पडायला शिकवत, पाडायलाही शिकवत. पंचाला दिसणार नाही असं कोपर कसं ठेवायचं, उडालेल्या मुलीच्या कमरेला नुसता तळवा कसा टेकवायचा, हे त्यांनी माझ्याच अंगावर करून दाखवलं. मला ते आवडत असे, हे खरं आहे. घरी मी मार खाऊन घ्यायची. इथे धक्का बसला तर परत देता येत होता, आणि दिला की टाळ्या पडत होत्या. आमची कॅप्टन नसीम माझ्या बरोबर उलट. तिचे अब्बा कुवेतला होते आणि त्यांनी पाठवलेले पांढरे बूट घालून ती सगळ्या धक्काबुक्कीतून अशी निसटायची की तिच्या कपड्यांना इस्त्रीची घडी तशीच असायची. "तू भिडती कायको?" ती मला विचारायची. "बॉल ले और निकल ना." मला निसटणं माहीतच नव्हतं.

जिल्ह्याची अंतिम लढत आमच्याच मैदानावर होती, उरणच्या शाळेशी. तिथे निवड समितीचे लोक येणार होते, आणि त्यातूनच राज्याच्या शिबिराला मुली जाणार होत्या. माझं नाव जाणार असं बाईंनी सगळ्या शाळेत सांगून ठेवलं होतं. आईला मी खेळते हे माहीत होतं, पण तिने कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी बाजार लवकर आटोपला आणि ती रिकामी पाटी डोक्यावर घेऊन सरळ मैदानावर आली. कंपाउंडच्या भिंतीजवळ, पिंपळाखाली, पाटी उलटी घालून तिच्यावर बसली. मी तिला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. शाळेत मी पनवेलकरांची भाषा बोलत असे, 'आहे' आणि 'नाही' असं स्वच्छ. मासळीच्या वासाचं, नऊवारी लुगड्यातलं माझं घर त्या भिंतीला टेकून बसलं होतं, आणि मी एकामागून एक सोपे बॉल चुकवत होते. रिंगखाली एकटी असताना चुकवले. उरणच्या सेंटरने, म्हणजे रिंगखाली खेळणाऱ्या त्यांच्या उंच मुलीने, दोनदा माझ्या हातातून बॉल ओरबाडून नेला.

मध्यंतराची शिट्टी झाली. आम्ही घाम पुसत बाईंभोवती गोळा झालो. बाईंनी दोरी गळ्यातून काढली, तेव्हा मी सवयीने वळून पोटरी पुढे केली. पण त्या दिवशी बाई शांत नव्हत्या. चूकही सांगितली नाही. दोरी दुहेरी न करताच त्यांनी हात फिरवला. दोरीच्या टोकाला असलेली पितळी शिट्टी माझ्या भुवईवर बसली. डोळ्यांपुढे पांढरं झालं, मग लाल झालं. रक्त डोळ्यात उतरत होतं आणि मला एवढंच वाटत होतं की हे आईने पाहू नये.

आई पिंपळाखालून कधी उठली ते मला कळलं नाही. गर्दीतून वाट काढत ती कोर्टावर आली, अनवाणी. "ए बाय! माजे पोरीवर हात टाकतेस?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "कोण तुम्ही? रेषेच्या बाहेर व्हा. सामना चालू आहे."

"मी आय हाय तिची."

"मग आई आहात तर तिला घरी काहीतरी शिकवा. इथे मी—"

वाक्य पुरं झालं नाही. आईने त्यांच्या कानशिलात अशी दिली की आवाज शाळेच्या भिंतीवर आपटून परत आला. बाई हेलपाटल्या, सावरल्या, आणि दुसऱ्याच क्षणी आईचा अंबाडा त्यांच्या मुठीत होता. मी माझ्या घरात मारामारी पाहिली होती, पण तिथे एकजण मारायचा आणि एकजण खायचा. इथे दोघी मारत होत्या. आईच्या बांगड्या फुटून बाईंच्या गळ्याला ओरखडे उठले. बाईंनी गुडघा वर घेतला, आईच्या पोटात. आई वाकली आणि वाकता वाकता तिने बाईंच्या दंडाला चावा घेतला. भिंतीवर बसलेली कॉलेजची पोरं शिट्ट्या वाजवायला लागली. पंच "अहो, अहो" करत लांबूनच फिरत होते.

"माजी पोर हाय ती!" आई ओरडत होती. "मारायची तं मी मारीन! तू कोन?"

"घरी मारा! मैदानावर ती माझी आहे!"

हे वाक्य माझ्या डोक्यात अजून जसंच्या तसं आहे. मी सोडवायला मध्ये घुसले, तर एका बाजूने कोपर आणि दुसऱ्या बाजूने मूठ, दोन्ही मलाच लागली. कुणाची कुठली, ते सांगता येणार नाही. मी दोघींना छातीशी हात लावून ढकललं. इतक्या जोरात की दोघी दोन बाजूंना सिमेंटवर बसल्या. मग माझ्या तोंडून जे आलं ते घरच्या भाषेत आलं, सगळ्या शाळेसमोर.

"कुनीच नाय मारायचं मना! आये, तू पन नाय. बाई, तुमी पन नाय. कुनीच नाय!"

बाईंनी ओढणी सारखी केली, घड्याळ पाहिलं आणि धापा टाकत म्हणाल्या, "वंदना, तोंड धुऊन ये. दुसरा हाफ आहे." म्हणजे माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. आईपर्यंतही पोचलं नव्हतं. ती म्हणत होती, "चल घरी, तिकडं बगते तुला." मी माझ्या पाठीवरचा नंबर टाचलेल्या पिना काढल्या, नंबराचं कापड नसीमच्या हातात दिलं आणि फाटकाबाहेर चालू लागले. वडाळे तळ्याच्या काठावर भुवईला रुमाल दाबून बसले. मागून मैदानातला आवाज येत होता. उरणच्या मुलींच्या आरोळ्यांवरून कळत होतं की आपण हरतोय.

घरी त्याचा शेवट व्हायचाच होता. पनवेलच्या भर बाजारगावात बायकोने तमाशा केल्याची बातमी बाबांना कळंबोलीच्या नाक्यावरच मिळाली. त्या संध्याकाळी हॉर्न वाजला नाही, त्यामुळे आईला माळ्यावर काही टाकायला वेळ मिळाला नाही. बाबांनी पट्टा काढला. मी त्यांच्याहून वीतभर उंच होते. मध्ये उभी राहिले तर ते थांबतील, असं मला वाटलं होतं. ते थांबले नाहीत. पट्ट्याचं बक्कल माझ्या मनगटावर बसलं आणि मग माझ्या अंगावरून हात घालून त्यांनी आईला ओढलं. आईने त्या दिवशी विळीकडे पाहिलं. विळी चुलीशेजारी उभीच होती. मी पायाने ती पलंगाखाली सारली. आजही मला वाटतं, त्या क्षणी आमच्या घरातून एक प्रेत निघायचं राहिलं. कुणाचं, ते मात्र मी ठरवू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी आई सुजलेल्या डोळ्यानिशी बाजारात गेली. मीही तिच्याबरोबर गेले, कारण शाळेच्या मैदानासमोरून जायची माझी हिंमत नव्हती. नसीम माझ्याशी बोलत नव्हती. शिबिराला उरणच्या दोन मुली गेल्या. मी पाटीपुढे बसून बांगडे कापायला शिकले. आईने त्यानंतर मला एकदाच मारायला हात उचलला, कालवण उतू गेलं म्हणून. मी तिच्याकडे नुसतं बघितलं. ती उचललेला हात तसाच नेऊन केसांवरून फिरवत म्हणाली, "उवा झाल्यात वाटतं." दोघींना हसू आलं. आमच्यात याहून जास्त काही बोलणं झालं नाही.

पावसाळा सरता सरता एके दिवशी प्रधानबाई मासळी बाजारात आल्या. चिखलातून चप्पल उचलत आमच्या पाटीपुढे उभ्या राहिल्या. आजूबाजूच्या बायकांनी कोयते हातात घेतले, कारण त्यांनी हीच ती बाई हे ओळखलं होतं. आईने त्या बायकांना हातानेच खाली बसवलं.

"वंदनाला परत पाठवा," बाई म्हणाल्या. "मी मागायला आले आहे."

"हात लावशील तिला?"

बाई म्हणाल्या, "नाही लावणार असं म्हणावंसं वाटतं. पण माझ्या हाताला सवय आहे. खोटं कशाला सांगू?"

मला वाटलं, आता आई कापलेला मासा तोंडावर फेकेल. पण ती बाईंच्या हाताकडे बघत होती. बाईंची बाही वर सरकली होती आणि मनगटाच्या वर निळे-पिवळे डाग होते, चार बोटांचे. आमच्या मारामारीला महिने लोटले होते. हे डाग ताजे होते. "हे कुनी केलं?" आईने विचारलं.

बाईंनी बाही खाली ओढली. "दाराला लागलं."

"हां," आई म्हणाली. "माजे घरात पन तसलाच दार हाय."

बाईंच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला सांगता येत नाही. त्या इंग्रजी वर्तमानपत्र वाचणाऱ्या, आळीत मान असलेल्या घरातल्या. त्यांनी पाटीतल्या बांगड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आईने कोयत्याची मूठ माझ्याकडे केली. "मना नको इचारू. तिला इचार."

मला कोणी काही विचारलंय असं याआधी झालं नव्हतं. मी म्हटलं, "मी येईन. पण हात उठला की मी घरी जाईन. त्या दिवशीपुरतं. दुसऱ्या दिवशी परत येईन. परत उठला की परत जाईन." बाई म्हणाल्या, "चालेल."

आणि तसंच झालं. पहिल्या महिन्यात मी पुष्कळदा अर्ध्यातून घरी गेले. बाईंचा हात उठला की मी बॉल खाली ठेवायची आणि चालू लागायची. नंतर नंतर उठलेला हात मध्येच थांबायला लागला. मग बाई कोर्ट सोडून सामानाच्या खोलीमागे जात आणि खोलीच्या पत्र्याच्या दारावर धाड् धाड् आवाज येई. त्या परत येत तेव्हा बोटांची पेरं लाल असत. "पुन्हा," त्या म्हणत. "पाय रोवून." त्या वर्षी ते दार इतकं चेपलं की शिपायाला कडी लावता येईना. माझाही हात उठतो, हे मला मस्कतला आल्यावर कळलं. लहानपणी अंगावर जे पडतं ते हातात कुठेतरी साठून राहतं. मी हात पाठीमागे एकमेकांत अडकवून कोर्टाच्या कडेला उभी राहते. इथल्या मुली माझी नक्कल करतात. त्यांना ती कोचची ऐट वाटते.

पुढच्या वर्षी अंतिम लढत उरणला होती. आई आणि बाई एकाच एस.टी.ने आल्या, वेगवेगळ्या बाकांवर बसून. खेळ संपत आला होता आणि आम्ही एका गुणाने मागे होतो. नसीमने, जी आता माझ्याशी पुन्हा बोलू लागली होती, मला आत बॉल दिला. मी उडाले. उरणच्या त्याच सेंटरचं कोपर माझ्या नाकावर आलं. कडकन् आवाज झाला, हाड मोडल्याचा, तो सगळ्या मैदानाने ऐकला. मी पडले तेव्हा तोंडात, हनुवटीवर, छातीवर सगळीकडे रक्त होतं. आडव्या पडलेल्या जागेवरून मला दिसलं, आई पदर खोचत उठली आहे. बाईही उठल्या होत्या. आईने एक पाय रेषेच्या आत टाकला आणि बाईंनी तिचा दंड धरला. आईने झटका दिला, बाईंनी सोडला नाही. "ती उठेल," बाई म्हणाल्या. "थांबा. ती उठेल." त्या सेंटरला मी तेव्हा मारू शकले असते. ती माझ्यासमोरच उभी होती, घाबरून, स्वतःचं कोपर धरून. मी उठले आणि फाउलचे दोन फ्री थ्रो टाकायला रेषेवर गेले. पहिला बॉल रिंगला लागून बाहेर गेला. दुसरा आत गेला. बरोबरी झाली. जादा वेळात मी नाकात कापूस घालून, तोंडाने श्वास घेत खेळले आणि नसीमने अखेर निसटून निसटून सामना जिंकला. संध्याकाळी शिबिराची नावं वाचली त्यात आम्ही दोघी होतो.

नाव ऐकून मी मैदानाच्या नळाशी आले तेव्हा आईने माझा रक्ताने माखलेला शर्ट काढून घेतला. मी तिच्या खांद्यावरचं उपरणं शालीसारखं पांघरून बाजूला बसले, नाक आभाळाकडे करून. मैदानावरच्या चहावाल्याने कौतुकाने किटलीतलं गरम पाणी पुढे केलं, डाग लवकर निघेल म्हणून.

"गरम नको," बाई म्हणाल्या.

"गरम नाय," आई म्हणाली, त्याच वेळी. "गरमानं रगत बसतंय."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग बाईंनी नळ पूर्ण सोडला, ओढणी कमरेला बांधली आणि आईसमोर उकिडव्या बसल्या. शर्टाचं एक टोक आईच्या हातात, एक बाईंच्या. गार पाण्याखाली दोघी न बोलता चोळत राहिल्या, आणि लाल पाणी फिकं होत होत उरणच्या मातीत जात राहिलं.